तळघरातून उत्तर येत नव्हतं: आमच्या दवाखान्यातल्या वॉकीटॉकीचे आठ महिने

"काका, पंप सुरू करा." मी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा नुसती खरखर आली.

१६ एप्रिल २०२५, बुधवार, सकाळचे साडेदहा. आम्ही सगळे दवाखान्याच्या गेटजवळ कडुनिंबाखाली उभे होतो आणि ऊन आतापासूनच चटके देत होतं. अग्निशमन सप्ताह चालू होता. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. आमच्या गावात १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही मॉक ड्रिल १६ तारखेला ठेवलं होतं. नगरपरिषदेचा बंब आला होता, सोबत अधिकारी आणि चार जवान.

आमचा दवाखाना वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. धर्मादाय ट्रस्टचा, ६० खाटांचा. तळघर, तळमजला आणि वर तीन मजले. मी तिथे प्रशासनाचं काम बघते, शिक्षण बी.कॉम. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि आमच्याकडची फायरची फाईल माझ्या टेबलावर आली. ती बातमी वाचल्यावर आमच्या प्रसूती कक्षातल्या सिस्टर दिवसभर कुणाशी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून ही फाईल मी नुसती सह्यांसाठी पुढे सरकवू शकले नाही.

ड्रिलमध्ये 'आग' दुसऱ्या मजल्यावर लागली होती. पंपवाले काका तळघरातल्या पंपरूममध्ये होते, हातात वॉकीटॉकी घेऊन. मला त्यांचा आवाज येत नव्हता, त्यांना माझा येत नव्हता. मोबाईलला तर तिथे रेंज नसतेच. शेवटी एक वॉर्डबॉय पळत खाली गेला. मी पहिल्यांदा हाक मारल्यापासून पंप सुरू होईपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद गेली. हा आकडा फायरच्या साहेबांनी त्यांच्या डायरीत लिहिला, मी माझ्या.

मी सेट हलवून, बटणं दाबून बघत होते. साहेब म्हणाले, "सेट खराब नाही मॅडम. बिल्डिंग आवाज खाऊन राहिली तुमची. आम्ही आत शिरलो की आमचाबी हाच हाल होते."

त्यांचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. जे लोक आम्हाला वाचवायला आत येतील, त्यांचाही बाहेरच्यांशी संपर्क तुटणार, आणि तो तोडणारी इमारत आमची.

पुढचे दोन आठवडे मी चुकीच्या वाटेने गेले. आधी वाटलं बॅटऱ्या जुन्या झाल्या. नव्या बॅटऱ्या आणि लांब अँटेना मागवल्या, १,८५० रुपये. तळघरात फरक शून्य. तुमच्याकडे असं होत असेल तर पैसे घालण्याआधी एवढंच करा: तोच सेट घेऊन बाहेर अंगणात शंभर पावलं दूर जा. तिथे स्वच्छ ऐकू आला तर सेट बरा आहे.

मे महिन्यात ओपीडी संपल्यावर रोज तासभर बसून वाचायला घेतलं. रेडिओ लहरींना मोकळी जागा, दारं, खिडक्या लागतात. काँक्रीटच्या स्लॅबमधून जाताना त्यांचा जोर कमी होतो, आणि स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते ती आणखी अडवते. लिफ्टचा पत्र्याचा डबा अडवतो. एक्स-रे रूमच्या दाराला शिशाचा पत्रा असतो, तो किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून, पण लहरींनाही तो भिंतच. आणि तळघराच्या चारही बाजूंना माती. आमच्या इमारतीत हे सगळंच होतं.

याच वाचनात कळलं की अमेरिकेत यासाठी वेगळा नियमच आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत २००९ च्या आवृत्तीपासून कलम ५१० आहे: इमारतीच्या आत अग्निशमन दलाचा रेडिओ चालला पाहिजे आणि ती जबाबदारी इमारतीच्या मालकाची. या विषयाकडे तिथे सगळ्यांचं लक्ष गेलं ते ११ सप्टेंबर २००१ मुळे. हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण टॉवर ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, उत्तर टॉवर १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या २९ मिनिटांत उत्तर टॉवरमधल्या जवानांना बाहेर पडण्याचे आदेश रेडिओवरून दिले गेले, पण आतल्या कित्येकांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला दिसत होता तो आमचा तळघराचा जिना.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी घ्यावा लागतो, म्हणजे बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे याचा दाखला. आमच्या फॉर्म बी मध्ये पंप, हायड्रंट, सिलिंडर, अलार्म सगळ्यांची नोंद होती. तळघरात कुणाचा आवाज पोहोचतो का, याची नव्हती. चार वर्षं मी तो कागद समाधानाने फाईलला लावत होते.

मेच्या शेवटी दुसरा धक्का बसला. आपल्या देशात रेडिओ सेट वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या शाखेचा, परवाना लागतो. सूट आहे ती फ्रिक्वेन्सीच्या ठरावीक पट्ट्यांना. हातात धरायच्या छोट्या वॉकीटॉकीसाठी तो पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, ही सूट २०१८ च्या नियमांनी मिळाली, आणि त्यात ताकद अर्धा वॉट. आमचे चार सेट सुरक्षेच्या ठेकेदाराने दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेले होते. खोक्यावर पाच वॉट लिहिलेलं, आणि फ्रिक्वेन्सी या पट्ट्याच्या बाहेरची. परवाना कुणी काढला नव्हता, कुणी विचारलाही नव्हता.

त्याच दुपारी मी चारही सेटच्या बॅटऱ्या काढल्या, कपाटात कुलूपबंद केले आणि सचिवांना लेखी कळवलं. सुरक्षारक्षक नाराज झाले. मलाही वाईट वाटलं, कारण वरच्या मजल्यांवर ते सेट उपयोगी पडत होते. पण रुग्णांच्या जीवासाठी म्हणून ठेवलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या कामाच्या फ्रिक्वेन्सीत गोंधळ करत असेल, तर ती ठेवता येत नाही. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तुम्ही घेणार असाल तर दोन गोष्टी विचारा: फ्रिक्वेन्सी कोणती, आणि ईटीए आहे का. ईटीए म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाला सरकारची मान्यता. दुकानदार कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

७ जूनला मी एसटीने नागपूरला जाऊन ४४६ च्या पट्ट्यातल्या तीन जोड्या घेतल्या. १७,४०० रुपये, पक्कं बिल, ईटीएच्या दाखल्याची प्रत सोबत. पाच वॉटवरून अर्ध्या वॉटवर आलो, म्हणजे ताकद दहापट कमी, हे मनात टोचत होतं. नंतर समजलं की दहापट म्हणजे मोजमापात १० डेसिबल. वरच्या मजल्यांवर तेवढ्याने फारसं बिघडलं नाही. आणि तळघरात पाच वॉटनेही काही होत नव्हतं हे आम्ही एप्रिलमध्ये पाहिलंच होतं.

मध्येच एक मोह झाला, तोही सांगते. बाजारातल्या एका मोबाईल दुकानदाराने सांगितलं, "ताई, कायले एवढं डोकं लावता? बूस्टर लावून देतो, साडेसात हजारांत. तळघरात टॉवर फुल्ल येईल." मोबाईल चालला तर निम्मा प्रश्न सुटेल असं मलाही वाटलं. मी होकार देण्याच्या बेतात होते. पण असे खासगी बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याला कारण आहे. लग्नात माईक स्पीकरच्या जवळ गेला की कशी शिटी वाजते? बूस्टरची आतली आणि बाहेरची अँटेना जवळ आली की तसंच होतं, फक्त ती शिटी आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. आजूबाजूचे सगळे फोन अडखळतात. आमच्या दवाखान्यासाठी गावातल्या कुणाचा १०८ चा फोन लागला नाही, असं झालं तर? अमेरिकेतही अग्निशमनाच्या रेडिओसाठी इमारतीत अॅम्प्लिफायर लावतात, पण ज्याच्या नावावर ती फ्रिक्वेन्सी आहे त्याची संमती घेऊन, तपासणी करून, आणि त्याला १२ तास पुरेल अशी बॅटरी देऊन. साडेसात हजारांच्या डब्याशी त्याचा काही संबंध नाही.

खरी वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या मामांनी. मामा सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल फिटर होते, आता निवृत्त. जमिनीखाली माणसांशी कसं बोलतात हे त्यांना विचारायचं मला दीड महिना सुचलं नाही, आणि ते रोज सकाळी आमच्या दारावरून दूध आणायला जायचे.

मामा म्हणाले, "खाणीत लीकी फीडर राहते. केबलच आहे, पण वरच्या आवरणाला जागोजागी फटी ठेवलेल्या. ठिबकची नळी पाहिली ना संत्र्याच्या बगीच्यात? पाणी कसं थेंबथेंब गळत जाते? तसा सिग्नल गळत जाते. जिथपर्यंत नळी, तिथपर्यंत ओल." मग थोडं थांबून म्हणाले, "पण ते पुढचं. आधी कोरडं कुठं आहे ते तर पाय बाई."

म्हणून २२ जूनचा रविवार. ओपीडी बंद, बाहेर पावसाची भुरभुर. अमेरिकेतली चाचणी कशी होते ते मी वाचलं होतं: प्रत्येक मजल्याचे साधारण सारखे २० चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनात उभं राहून बोलून बघायचं. सिग्नल किमान किती हवा, याचा तिथला जुना आकडा उणे ९५ डीबीएम (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप). तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण आवाजाची प्रत ठरवायचीही एक रीत आहे: थोडं लक्ष देऊन ऐकलं तर समजतं, क्वचित पुन्हा विचारावं लागतं, इथपर्यंत पास. त्याला कान पुरतात. नकाशे शाळेच्या आलेख वहीवर काढले. पाच मजले, शंभर चौकोन.

मी गेटवर, जिथे बंबाचे साहेब उभे राहतील त्याच जागी. आमच्या मेट्रन सिस्टर सेट घेऊन आत. सोबत एक वॉर्डबॉय, नकाशा आणि तीन रंगांच्या पेन्सिली.

पहिल्याच दहा मिनिटांत आम्ही चुकलो. सिस्टर म्हणायच्या, "हॅलो, ऐकू येतं का?" आणि मी म्हणायची, "हो." पण "ऐकू येतं का" हे इतकं पाठ असतं की अर्धं कानावर पडलं तरी बाकीचं मन जोडून घेतं. मग औषध स्टोअरची यादी घेतली आणि सिस्टर तिच्यावरचे आकडे वाचू लागल्या. तिथेही अडलं. "एकोणसाठ" म्हटलेलं मी "एकोणसत्तर" लिहिलं, "बासष्ट"चं "बावीस" झालं. आगीत कुणी खोलीचा नंबर सांगितला आणि आपण शेजारच्या खोलीत शिरलो तर? तेव्हापासून आमच्याकडे वॉकीटॉकीवर आकडा सुटा सुटाच बोलतात. पाच-नऊ. सहा-दोन. ही सवय तुम्ही आजपासून लावू शकता, एक रुपया लागत नाही.

प्रत्येक चौकोनात तीन आकडे सिस्टरनी वाचायचे, मी लिहायचे. मग तीन मी वाचायचे, सिस्टरनी लिहायचे. दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, कारण आतल्याला बाहेरचं ऐकू येतं पण त्याचं उत्तर बाहेर येत नाही, असे चार चौकोन आम्हाला सापडले. पहिल्या खेपेला बरोबर आलं तर हिरवा, एकदा पुन्हा विचारावं लागलं तर पिवळा, नाहीच आलं तर लाल. दारं सगळी बंद ठेवून. आम्ही तळमजला एकदा दारं उघडी ठेवून केला होता, तो सगळा पुन्हा करावा लागला. एक्स-रेचं शिशाचं दार उघडं असताना हिरवा आलेला चौकोन दार लागल्यावर लाल झाला.

सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी तीनला संपलं. कॅन्टीनमध्ये टेबलावर पाचही कागद शेजारी शेजारी ठेवले. वरच्या तीन मजल्यांचे ६० चौकोन: ५६ हिरवे, ४ पिवळे. तळमजला: १५ हिरवे, २ पिवळे, ३ लाल. तळघर: ३ हिरवे, ४ पिवळे, १३ लाल. हिरवे तिन्ही उताराच्या रॅम्पजवळचे. पंपरूम लालच्या अगदी मध्यभागी.

मी सवयीने बेरीज केली. शंभरातले ८४ चौकोन पास. क्षणभर बरं वाटलं. सिस्टरनी तळघराचा कागद उचलून माझ्यासमोर धरला आणि काही बोलल्या नाहीत. एकट्या तळघराचे धरले तर २० पैकी ७, म्हणजे ३५ टक्के. अमेरिकेचा नियम प्रत्येक मजला वेगळा मोजतो, ९५ टक्के मागतो, आणि पंपरूम, जिने, लिफ्टसमोरची जागा अशा मोक्याच्या ठिकाणी त्यांचं दुसरं एक मानक ९९ टक्के मागतं. ते असं का, हे त्या कॅन्टीनच्या टेबलावर मला नीट समजलं.

त्यानंतर कोटेशनं. रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) आणि लीकी फीडरसाठी नागपूरहून दोन आली: ४,८५,००० आणि ५,४०,०००. त्यात परवान्याचा खर्च नाही. अशी यंत्रणा सूट असलेल्या पट्ट्यात चालत नाही. स्वतःची फ्रिक्वेन्सी मागावी लागते, सरल संचार पोर्टलवर अर्ज, मग मंजुरी, मग फी, आणि फी दरवर्षी. १२ जुलैला ट्रस्टची बैठक झाली. सचिव भाऊंनी शांतपणे विचारलं, "एवढ्या पैशात आयसीयूचे किती मॉनिटर येतात, ताई?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्याकडे कापसाचा भाव पडला की दवाखान्याची बिलंही थकतात, हे मी हिशोबाच्या वहीत रोज बघते.

मी नकाशा पुढे ठेवला आणि मामांनी सुचवलेला दुसरा मार्ग सांगितला. जिथे लहर पोहोचत नाही तिथे तार न्यायची. फायर टेलिफोन: गेटजवळच्या पॅनेलला एक, पंपरूमला एक, तळघराच्या जिन्याशी, एक्स-रेच्या गल्लीत आणि तिसऱ्या मजल्यावर एकेक. केबल साधी नको, आगीतही काही वेळ तग धरणारी फायर सर्व्हायव्हल केबल, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून. वर्ध्याच्या ठेकेदाराचं कोटेशन जीएसटीसह ८२,६००. मंजूर झालं, लीकी फीडरचा विषय पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ठेवायचं ठरलं. कोटेशन घेताना केबलचा प्रकार त्यावर लिहून घ्या. पहिल्या कोटेशनात नुसतं 'केबल' लिहिलं होतं, आणि तिची किंमत निम्मी होती.

काम ११ ऑगस्टला सुरू झालं आणि लगेच अडकलं. स्लॅबला भोक पाडताना उडणारी धूळ ऑपरेशन थिएटरपर्यंत जाऊ नये म्हणून ड्रिलिंग रात्री आठनंतरच. मग १५ ऑगस्ट. मग २२ ला पोळा, २३ ला तान्हा पोळा. ठेकेदाराची माणसं गावाकडे बैल सजवायला गेली, आणि विदर्भात त्या दोन दिवसांत कुणाला कामावर बोलवणं हे मलाच शोभलं नसतं. मग २७ ला गणपती. दोन आठवड्यांचं काम १९ सप्टेंबरला संपलं. तुम्ही वेळापत्रक आखाल तेव्हा पंचांग शेजारी ठेवा.

फोन लागले. मी गेटवरून फिरवला, काकांनी उचलला, आवाज घंटेसारखा स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दहा ऑक्टोबरला डिझेल पंपाची चाचणी होती. पंप चालू असताना मी सहज फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. नाही. खाली धावत गेले तर काका फोनपासून चार हातांवर उभे होते, दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत. पंपाच्या आवाजात घंटी ऐकूच येत नव्हती. पंप चालू झाल्यावरच तर त्यांच्याशी बोलायची गरज असते: दाब वाढवा, बंद करा, बाहेर या. त्यातलं "बाहेर या" त्यांना ऐकू आलं नसतं.

काका म्हणाले, "आयकू नाही येऊन राहिलं मॅडम, पण दिसते तर मले." म्हणून फोनशी जोडलेला लखलखणारा लाल दिवा बसवला, ३,४०० रुपये. गेजच्या बरोबर वर, म्हणजे काकांची नजर जिथे असते तिथे. ठेकेदार तो दाराच्या वर लावत होता. जागा काकांनी ठरवली.

तारेचा फोन भिंतीला चिकटलेला असतो, आणि तळघरात फिरणाऱ्या माणसाला तो उपयोगी नाही. त्यासाठी निरोप्या ठेवला. रॅम्पच्या वरच्या टोकाला जो हिरवा चौकोन आहे तिथे जमिनीवर पिवळ्या रंगाची दोन पावलं काढली. ड्रिलमध्ये एक वॉर्डबॉय त्या पावलांवर उभा राहतो: गेटशी वॉकीटॉकीवर, आतल्यांशी तोंडी. धूर रॅम्पकडे आला तर त्याने जागा सोडायची आणि गेटला कळवायचं, हे त्याला पहिल्यांदा शिकवलं. सुरुवातीला तो म्हणाला होता, "मी नाही हलत जी." त्याला समजवायला मला अर्धा तास लागला. निरोप्या अडकला तर आतले सगळे अडकतात.

दुसरं ड्रिल नोव्हेंबरात करायचं होतं, पण कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधल्या आगींमुळे बंबाला उसंत नसते. तारीख दोनदा पुढे गेली. अखेर १८ डिसेंबर, गुरुवार, अंगात स्वेटर. या वेळी 'आग' तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये. मी फोन फिरवला, लाल दिवा लागला, काकांनी उचललं. पंप सुरू व्हायला २५ सेकंद लागले. साहेबांनी डायरी काढून एप्रिलचं पान शोधलं आणि त्याखाली हा आकडा लिहिला.

मग ते म्हणाले, "आता आमचे सेट फिरवून पाहू." हे मी विसरले होते, आणि मुळात नियमाचा गाभा तोच आहे: येणाऱ्या जवानाचा रेडिओ चालतो का. त्यांचे सेट वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे. एक जवान आमचा नकाशा घेऊन शंभर चौकोन फिरला, पाऊण तासात. तळघरात त्यांचाही जवळपास तसाच निकाल. पण दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर, जिथे आमचा सेट हिरवा होता, तिथे त्यांचा दोन चौकोनांत गप्प. ते दोन चौकोन आता नकाशावर निळ्या रंगात आहेत. त्यांच्या जवानांनी तिथे तिसऱ्या मजल्याचा फोन वापरायचा, असं साहेबांनी स्वतःच्या हाताने नकाशाखाली लिहिलं.

नकाशे लॅमिनेट करून गेटच्या पॅनेलमध्ये आणि प्रत्येक जिन्यावर लावले, १,२०० रुपये. वाया गेलेल्या बॅटऱ्या धरून सगळा खर्च १,०६,४५० रुपये झाला. जानेवारीत फॉर्म बी साठी एजन्सीचा माणूस आला, तेव्हा मी त्याच्याकडून फायर टेलिफोनची नोंदही करून घेतली आणि नकाशाची प्रत फॉर्मला जोडली. ती कुणी मागितली नव्हती. त्याने एक प्रत स्वतःसाठी मागून नेली.

एक्स-रेच्या गल्लीतल्या एका लाल चौकोनाला अजून नीट उपाय सापडलेला नाही. फोन तिथून सात पावलांवर आहे, आणि धुरात सात पावलं खूप होतात. लीकी फीडरचं कोटेशन मार्चच्या बैठकीत पुन्हा ठेवणार आहे. एप्रिलचं ड्रिल रात्रपाळीत घ्यायचं ठरलं आहे, जेव्हा गेटवर एकच रक्षक असतो.

दर सोमवारी सकाळी पावणेनऊला पंप चालू ठेवून मी पंपरूमला फोन करते. दिवा लागला की काका उचलतात, भिंतीवर त्या आठवड्यासाठी लिहिलेले तीन आकडे वाचतात, मी रजिस्टरमध्ये लिहून सही करते. या सोमवारी ते होते चार-सात, शून्य-दोन, नऊ-एक.